बुडव्यांची बिले प्रामाणिकांच्या माथी

सप्टेंबर हा महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांचा महिना. आर्थिक वर्ष सरल्यापासून सहा महिन्यांत सर्वसाधारण सभा घेतलीच पाहिजे, असा कायदा आहे. त्यामुळे ३० तारीख जवळ आली की सेक्रेटरी जागे होतात, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांनिशी पुन्हा सुरू होते. विषयपत्रिकेवर एक विषय ठरलेला असतो: मेंटेनन्समध्ये वाढ. वॉचमनचा पगार वाढला, लिफ्टचा वार्षिक करार महागला, टँकरचा दर चढला, असे चेअरमन सांगतात. कोणी हरकत घेतो, कोणी आवाज चढवतो, मग सामोसे येतात आणि ठराव मंजूर होतो. हातातल्या त्याच अहवालात, ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला, ‘सभासदांकडून येणे’ अशी एक ओळ छापलेली असते. तिच्यापुढचा आकडा कोणी मोठ्याने वाचत नाही. सेक्रेटरी वाचत नाही, हिशेबनीस वाचत नाही, आणि ज्याच्या नावावर तो आकडा उभा आहे तो तर सामोशाला चटणी लावण्यात गुंतलेला असतो!

आम्हाला आज त्या ओळीबद्दल बोलायचे आहे, आणि सभ्यपणाची झूल बाजूला ठेवून बोलायचे आहे.

‘येणे’ म्हणजे काय? एक साधी सोसायटी डोळ्यांपुढे आणा. ४० फ्लॅट, प्रत्येकी महिना ४ हजार रुपये. महिन्याला १ लाख ६० हजार जमायला हवेत आणि तेवढाच खर्च आहे. सहा जण पैसे देत नाहीत. महिन्याला २४ हजारांचा खड्डा पडतो, वर्षाला २ लाख ८८ हजारांचा. पंप त्यामुळे थांबत नाही, लिफ्ट थांबत नाही, महापालिका पाणीपट्टीत सूट देत नाही. खड्डा कोणीतरी भरतोच. उरलेल्या ३४ घरांवर तो वाटला की प्रत्येकी सुमारे ७०६ रुपये येतात, आणि दरवाढीचा ठराव म्हणून सभेपुढे जे ठेवले जाते त्यातला मोठा वाटा पुष्कळदा हाच असतो. महागाईचे नाव पुढे केलेले असते, खरा हिशेब त्या सहा दारांआड असतो. बुडव्याचे बिलही अर्थात ७०६ रुपयांनी वाढते. पण कागदावर! जो ४ हजार देत नाही त्याला ४,७०६ न देणे काय जड जाणार? आणि पाच तारखेच्या आत चेक टाकणारा निवृत्त शिक्षक पेन्शनमधून ते जादा पैसे काढतो. वर्षभराने त्याच मजल्यावरचा सातवा माणूस विचार करू लागतो की मीच का भरू? दरवाढ अशा रीतीने नवे थकबाकीदार जन्माला घालते आणि नवे थकबाकीदार पुढची दरवाढ.

या सहा जणांत गरीब किती असतात? कोणत्याही सोसायटीच्या खजिनदाराला खासगीत विचारा. ज्याची नोकरी गेली तो बहुधा लाजेकाजेने येऊन दोन हप्ते मागतो. ज्या घरात दुखणे आहे ते घर उशिरा का होईना, देते. वर्षानुवर्षे न देणाऱ्याच्या दारात मात्र नवी गाडी उभी असते. त्याच्या बाल्कनीला ग्रिल असते, ग्रिलला काच असते, काचेआड एसीचे यंत्र असते, आणि यातल्या कशालाच सोसायटीची परवानगी नसते. त्याच्याकडे कारणांची मात्र तूट नाही. एक म्हणतो, माझ्या बाथरूमचे लिकेज काढा, मग देतो. दुसरा तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही. तिसऱ्याचा फ्लॅट बंद असतो, ‘राहतच नाही तर मेंटेनन्स कसला?’ चौथ्याचे २०११ सालच्या कमिटीशी पार्किंगवरून भांडण झाले होते, ते तो अजून वसूल करतो आहे. पाचव्याचे भाऊबंद वडिलांच्या फ्लॅटच्या वाटणीसाठी कोर्टात आहेत आणि निकाल लागेपर्यंत बिल कोणाचेच नाही. सहावा कारणही देत नाही. तो फक्त देत नाही.

तिसऱ्यावर थोडे थांबायला हवे, कारण पुण्या-ठाण्यात त्याची जमात वाढते आहे. हा गृहस्थ न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहतो. तिथल्या घरमालक संघटनेची वर्गणी तो एक दिवस चुकवत नाही. चुकवली तर तिथली संघटना घरावर बोजा चढवते आणि पुष्कळ राज्यांत घर लिलावालाही काढू शकते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. कोथरूडच्या फ्लॅटचे बिल मात्र चार वर्षे पडून असते, कारण इथे कोणी काही करत नाही, हेही त्याला तितकेच पक्के ठाऊक आहे. दर दोन वर्षांनी डिसेंबरात तो येतो आणि जिना अस्वच्छ आहे अशी तक्रार करून जातो.

या साऱ्या कारणांना कायद्याने कधीच उत्तर दिले आहे. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांवर सारखा, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर. वॉचमन, सफाई, कार्यालय, जिन्यातले दिवे हा सेवाखर्च प्रत्येक सदनिकेला समान. मोठ्या फ्लॅटने जास्त द्यावे की नाही हा वाद व्हीनस सोसायटीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथेही समान वाटपच टिकले. (अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या इमारतींची गोष्ट वेगळी, तिथे अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात खर्च येतो. आपली इमारत यातली कुठली, हे माहीत नसताना भांडणारे आम्ही शेकड्याने पाहतो.) फ्लॅट बंद आहे म्हणून सूट देणारे कलम उपविधींत नाही. लिकेजबद्दल तक्रार असेल तर सहकार न्यायालयाचे दार उघडे आहे. त्या तक्रारीपोटी स्वतःच बिल थांबवून बसण्याचा अधिकार सभासदाला कोणी दिलेला नाही.

आता दोष जिथे अधिक आहे तिकडे वळू. बुडवा बुडवतो, कारण त्याला बुडवू दिले जाते. उपविधी सोसायटीला थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावू देतात. कमाल दर लावला तर दोन लाखांच्या थकबाकीवर वर्षाला ४२ हजार रुपये व्याज चढते. आकडा टोचणारा आहे आणि टोचावा म्हणूनच आहे. पण होते काय? चार वर्षे बिल तुंबते, मग एक दिवस हे महाशय फ्लॅट विकायला काढतात. खरेदीदाराला थकबाकी नसल्याचा दाखला हवा असतो. महाशय कमिटीसमोर येऊन बसतात, घरचे जुने संबंध काढतात, आणि ‘मुद्दल घ्या, व्याज सोडा’ असे सुचवतात. कमिटी उदार होते. कोणाच्या पैशावर उदार? ते व्याज चेअरमनच्या वाडवडिलांची इस्टेट नाही. वेळेवर भरणाऱ्या ३४ घरांनी चार वर्षे जो भार उचलला त्याची ती भरपाई आहे. ज्या कमिटीला व्याजमाफीचे औदार्य सुचते तिने आधी त्या ३४ जणांना त्यांनी वेळेवर दिलेल्या पैशांवर व्याज द्यावे!

कमिट्यांची दुसरी खोड गुप्ततेची. थकबाकीची यादी सभेत वाचली तर ‘बदनामी’ होते म्हणे. सत्यनारायणाची वर्गणी न देणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगना कळते, तेव्हा कोणाची बदनामी होत नाही. गणेशोत्सवात देणगीदारांची नावे फळ्यावर रकमेसकट झळकतात. मग सोसायटीच्याच मालकीच्या पैशांचा हिशेब सोसायटीच्याच सभासदांपुढे मांडायला लाज कसली? खरे कारण निराळे असते. यादीत पुष्कळदा माजी सेक्रेटरी असतात, विद्यमान सदस्याचे मेहुणे असतात, नाहीतर ज्याच्या एका फोनवर महापालिकेतली कामे होतात असा प्रतिष्ठित रहिवासी असतो. थकबाकीदाराला कमिटीवर बसता येत नाही, हा नियम आहे. म्हणून निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात काहींचे चेक अचानक जमा होतात, आणि निवडून आल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दरवाढीला सरसकट विरोध करणाऱ्यांनी मात्र आम्ही आपल्या बाजूचे आहोत असे समजू नये. ‘आमच्या सोसायटीत मेंटेनन्स फक्त दीड हजार’ अशी फुशारकी मारणाऱ्यांना आमचा सवाल आहे: तुमच्या इमारतीचे वय किती? सिंकिंग फंडात किती रुपये आहेत? आदर्श उपविधी सांगतात की सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या, म्हणजे जमिनीची किंमत वगळून, किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत गेली पाहिजे. बांधकाम खर्च १० लाख धरला तर हे दोन मिळून वर्षाला १० हजार, महिन्याला सव्वाआठशेच्या पुढे. तुमच्या दीड हजारांत हे सव्वाआठशे कुठे बसतात? बसत नाहीत. म्हणजे तुमचा मेंटेनन्स स्वस्त नाही, तुम्हीही थकबाकीदारच आहात. तुमची थकबाकी सोसायटीच्या वहीत दिसत नाही, ती बीममध्ये दिसते, प्लास्टर सुटून उघड्या पडलेल्या गंजक्या सळईत दिसते. तिचे बिल तुमच्या मुलांना येईल.

त्यात थकबाकीने आणखी एक घाव घातलेला असतो. महिन्याचा खड्डा भरायला कमिट्या सिंकिंग फंडाच्या ठेवी मोडतात. पुनर्बांधणी आणि मोठ्या संरचनात्मक दुरुस्त्यांसाठी राखलेला पैसा वॉचमनच्या पगारात आणि टँकरच्या बिलात जातो. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा, असे उपविधी सांगतात. मुंबईत तर ३० वर्षांपुढच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नेच ते बंधनकारक केले आहे. ऑडिट होतेही. अहवाल येतो, दुरुस्तीचा अंदाज ४० लाखांचा निघतो, आणि मग कोणीतरी उठून दुसरा, ‘थोडा समजूतदार’ अभियंता सुचवतो.

या समजूतदारपणाचा शेवट कुठे होतो ते अमेरिकेने पाहिले आहे. फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावी चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १९८१ सालची १२ मजली इमारत होती, समुद्रकाठची, पैसेवाल्यांची. २०१८ साली अभियंत्याने लिहून दिले की पोहण्याच्या तलावाभोवतालच्या स्लॅबचे वॉटरप्रूफिंग निकामी झाले आहे आणि खालच्या पार्किंगमधल्या काँक्रीटची झीज झाली आहे. खर्च ऐकून मालकांत भांडणे लागली. २०१९ मध्ये कमिटीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. अखेर दीड कोटी डॉलरची विशेष वर्गणी मंजूर झाली आणि ती भरायला लागायची तारीख ठरली १ जुलै २०२१. इमारत २४ जूनच्या पहाटे कोसळली. ९८ माणसे मेली. मूळ बांधणीतच दोष होते हे पुढे तपासात दिसले. पण इशारा हातात पडून तीन वर्षे झाली होती आणि ती तीन वर्षे कोणी किती द्यायचे या वादात गेली. त्यानंतर तिथल्या विधिमंडळाने २०२२ साली कायदा केला आणि तीन किंवा त्याहून जास्त मजल्यांच्या अशा इमारतींना मुख्य सांगाड्यासाठी लागणारा राखीव निधी मतदानाने टाळण्याची पूर्वीची सवलत काढून घेतली. आपल्याकडे उपविधींत निधी आहे, मात्र तो गोळा झाला की नाही हे पाहणारा डोळा नाही. ऑडिटर शेरा मारतो, शेरा दप्तरात जातो, दप्तर कपाटात जाते.

या संस्था मुळात कशासाठी निघाल्या तेही आठवू. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे ते काम. गिरगाव-गावदेवीच्या कोंदट बिऱ्हाडांत राहणाऱ्या पांढरपेशा माणसाला एकट्याच्या बळावर धड घर मिळणार नाही, चार जण मिळाले तर मिळेल, एवढ्या विश्वासावर ती चळवळ उभी होती. आज राज्यात अशा संस्था लाखाहून जास्त आहेत. सहकार हा शब्द प्रत्येकीच्या पाटीवर आहे. साखर कारखान्यातले आणि जिल्हा बँकांतले घोटाळे वाचून आम्ही शहरी माणसे ‘सहकाराचा स्वाहाकार’ म्हणून नाक मुरडतो, कर्जमाफीच्या बातमीवर शेतकऱ्याला शिव्या घालतो. आपल्याच जिन्यात चाललेली ही व्याजमाफी आणि ही बुडवेगिरी मात्र आम्हाला दिसत नाही. पांढरा सदरा घातलेल्या थकबाकीदाराला ‘साहेब’ म्हणायची सवय शहरांनी लावून घेतली आहे.

सर्वांत मोठा साहेब तर बिल्डर. न विकलेल्या फ्लॅटांचा मेंटेनन्स त्याने द्यायचा असतो. तो देत नाही. संस्था स्थापन करायला टाळतो, जमिनीचे अभिहस्तांतरण करून देत नाही, आणि रहिवाशांकडून ताबा देताना आगाऊ घेतलेल्या दोन वर्षांच्या मेंटेनन्सचा हिशेब विचारला की त्याचा माणूस फोन उचलत नाही. शेजाऱ्याच्या चार हजारांवरून आवाज चढवणारे सभासद या लाखांच्या येण्याबद्दल सभेत गप्प बसतात. का? त्याच्याशी लढायला वकील लागतो, आणि वकिलासाठी वर्गणी लागते!

इथे आणखी एक गोष्ट बजावून सांगतो, कारण वसुलीचा झेंडा घेतला की काहींच्या अंगात शिपाईगिरी संचारते. थकबाकीदाराचे पाणी तोडणे, त्याच्या घरी आलेल्या पाहुण्याला गेटवर अडवणे, त्याच्या मुलांना सोसायटीच्या मैदानातून हुसकावणे, हे प्रकार काही कमिट्या करतात आणि वर त्यांची फुशारकी मारतात. कायद्याने सोसायटीच्या हाती वसुलीचा दाखला दिला आहे, नळ बंद करायचा पाना दिलेला नाही. आणि ज्या घरात खरोखर चूल थंड आहे, कर्ता माणूस गेला आहे, नोकरी सुटली आहे, त्या घराला हप्ते बांधून द्या, लेखी द्या, सभेत मंजूर करून द्या. अशी सवलत उघडपणे दिली तर तिला कोणी नाव ठेवणार नाही. बंद दाराआड बड्यांना दिलेली सवलत आणि उघड्या सभेत गरजूला दिलेली सवलत यांतला फरक ज्या कमिटीला कळत नाही तिने राजीनामा द्यावा.

उरलेल्यांसाठी कायद्याचा रस्ता सरळ आहे. पूर्वी सहकार कायद्याचे कलम १०१ होते. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यात कलम १५४ब-२९ आले. नोटिसा द्या, ठराव करा, खातेउतारा जोडा, उपनिबंधकाकडे अर्ज करा. वसुली दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, जप्तीपर्यंत जाता येते. दाखल्याविरुद्ध वर दाद मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. एवढे दात असलेला कायदा असताना ‘आपण काय करू शकतो?’ असे विचारणारा सेक्रेटरी एकतर अडाणी आहे किंवा मिंधा आहे.

सरकारही यातून सुटत नाही. उपनिबंधक कार्यालयातून दाखला निघायला महिनोन् महिने लागतात, दाखला निघाला तरी जप्तीला जाणारा वसुली अधिकारी हाती नसतो, आणि विनावेतन काम करणारे सेक्रेटरी कार्यालयाच्या पायऱ्या चढून दमतात. मेंटेनन्स महिना साडेसात हजारांपुढे गेला आणि संस्थेची उलाढाल मर्यादेपलीकडे असली की त्यावर १८ टक्के जीएसटी लावायला सरकारला एक क्षण लागत नाही. कर घेताना एवढी तत्परता आणि संस्थेला तिचे हक्काचे पैसे मिळवून देताना ही ढिलाई? वसुली अर्जाचा निकाल ठराविक मुदतीत लागलाच पाहिजे, आणि मुदत टळली तर संबंधित अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घेतला पाहिजे. सहकार खात्याने एवढे केले तरी निम्मे बुडवे दाखला निघण्याआधीच चेक घेऊन येतील.

पण सरकारची वाट पाहत बसायचे कारण नाही. या महिन्यात तुमच्या सोसायटीची सभा आहे. दरवाढीचा विषय येईल तेव्हा हात वर करा आणि आधी थकबाकीची यादी मागा: फ्लॅट क्रमांक, रक्कम, किती महिन्यांपासून, आणि वसुलीचा अर्ज केला आहे की नाही. यादी वाचली गेली, तीन महिन्यांपुढच्या प्रत्येक थकबाकीवर अर्ज करण्याचा ठराव झाला, व्याजमाफी सभेच्या मंजुरीशिवाय होणार नाही असे इतिवृत्तात लिहिले गेले, तर सिंकिंग फंडासह येणाऱ्या दरवाढीच्या बाजूने मत द्या, ती कितीही जड वाटली तरी द्या. आणि यादी वाचायला नकार मिळाला, तर दरवाढीच्या विरोधात मत द्या, आपला विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागा.

तोवर सामोशाला हात लावू नका.